पॉट्सडॅमचा कौलनामा

आपल्याकडील जुनी दप्तरे ज्यांनी थोडीफार चाळली असतील त्यांना कौल हा शब्द परका वाटणार नाही. धामधुमीने मुलूख उजाड झाला, गावेच्या गावे परागंदा झाली आणि पिकत्या जमिनीत झाडेझुडपे माजली, म्हणजे सरकार रयतेस पुन्हा बोलावून घेई; आणि नुसते बोलावून कोणी येत नसल्यामुळे, पहिल्या साली नाममात्र, दुसऱ्या साली थोडे अधिक, अशा चढत्या वसुलीचा इस्तावा बांधून देऊन, बैलबियाण्यास तगाई देऊन, आणि कोणाकडूनही उपसर्ग लागणार नाही असे अभय लिहून देऊन तिला आपल्या पायावर उभी करी. पेठ वसवावयाची झाली तरी रीत हीच असे. मुंबई बेट इंग्रजांच्या कंपनीकडे येऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तेव्हा तिच्या अंमलदारांनी १६७७ मध्ये दीवच्या नीमा पारख नावाच्या वाण्यास, आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक व करांची सवलत देणारी जी सनद दिली, तीही याच जातीची. माणूस, त्यातून हुन्नरी व उदमी माणूस, ही राज्याची दौलत आहे, ती जिंकून किंवा लुटून आणता येत नाही, तिला राजी करून आणावे लागते, हे ज्ञान त्या काळच्या मुत्सद्द्यांना अर्थशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचता झालेले होते.

नीमा पारखाच्या सनदेनंतर आठच वर्षांनी, म्हणजे १६८५ मध्ये, जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग संस्थानच्या अधिपतीने पॉट्सडॅम येथून असाच एक कौलनामा काढला. तो ज्यांच्यासाठी काढला ते लोक फ्रान्सचे प्रजाजन होते, आणि त्यांच्यासाठी त्या दशकात हॉलंड, इंग्लंड, डेन्मार्क आणि जर्मनीतील अर्धा डझन संस्थाने एकमेकांवर चढाओढ करीत होती. परदेशच्या कुशल कारागिरांसाठी राष्ट्राराष्ट्रांत जी स्पर्धा आज चाललेली आपण पाहतो, तिचे इतके स्पष्ट, इतके लेखी आणि परिणामांपर्यंत तपासून पाहता येईल असे दुसरे जुने उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांना ह्यूगेनॉट म्हणत. सोळाव्या शतकातील दीर्घ धर्मयुद्धानंतर चौथ्या हेन्री राजाने १५९८ मध्ये नांत येथील हुकूमनाम्याने त्यांना उपासनेचे व नागरिकत्वाचे हक्क दिले, आणि त्या छायेत तीनचार पिढ्या नांदल्या. त्यांची संख्या सात-आठ लाखांच्या घरात, म्हणजे सुमारे दोन कोटींच्या राष्ट्रात अल्पच. परंतु दरबारी अधिकाराची दारे हळूहळू बंद होत गेल्यामुळे या समाजाची बुद्धी व्यापारउदीम आणि हस्तकौशल्य यांच्याकडे वळली होती. लियाँ आणि तूर येथील रेशीम, नॉर्मंडीतील कापड व कोदबेकच्या फेल्ट टोप्या, आंगूम्वा प्रांतातील पांढरा कागद, घड्याळे, सोन्याचांदीचे नाजूक काम, पश्चिम किनाऱ्यावरील खलाशीपणा, या सर्वांत त्यांचा हात त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक होता. लिहिता-वाचता येणाऱ्यांचे प्रमाणही त्यांच्यात मोठे होते, कारण धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचला पाहिजे असा त्यांच्या पंथाचा आग्रह होता.

हुन्नराचे मोल फ्रान्सच्या दरबाराला कळत नव्हते असे मात्र मुळीच नाही. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर हा तर परदेशी कारागीर फोडून आणण्याच्या विद्येत त्या युगाचा गुरूच होता. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील आरसे करणारे कारागीर, ज्यांना बेट सोडण्याची मनाई होती, ते त्याने आपल्या वकिलामार्फत पॅरिसला आणविले. आणि १६६५ मध्ये हॉलंडमधील व्हान रोबे नावाच्या कापडवाल्यास त्याच्या मागांसह व कामगारांसह आबव्हिल येथे वसविले. हा व्हान रोबे प्रॉटेस्टंट होता. त्याला आगाऊ रक्कम मिळाली, वीस वर्षांचा मक्ता मिळाला, आणि आपल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करण्याचे स्वातंत्र्यही लिहून मिळाले. पुढे जेव्हा देशभरची प्रॉटेस्टंट मंदिरे पाडली गेली तेव्हासुद्धा या घराण्याच्या त्या स्वातंत्र्याला धक्का लागला नाही. म्हणजे काय करावयास हवे होते हे त्या राज्याला ठाऊक होते. एका कारखान्यापुरते ते त्याने केलेही होते. कोल्बेर १६८३ मध्ये मरण पावला, आणि दरबारातील तो एक समंजस आवाज मावळला.

तत्पूर्वीच, १६८१ मध्ये, प्वातू प्रांतात एक नवा उपाय सुरू झाला होता. घोडदळाचे शिपाई ह्यूगेनॉट कुटुंबांच्या घरी उतरवायचे, त्यांनी घरमालकाचे धान्य खावे, सामान विकावे, बायकामुलांना छळावे, आणि घरमालकाने धर्म बदलताच मुक्काम पुढच्या घरी हलवावा. मोगलाईतील फौजेचा तळ ज्या गावाने अंगावर झेलला असेल त्याला या उपायाची कल्पना वर्णनावाचून येईल. लोक पळू लागले, आणि पळणारा माणूस कोण आहे याची बातमी शेजारच्या राज्यांना त्याच्या आधी पोहोचू लागली. त्याच वर्षी अॅमस्टरडॅमने येणाऱ्या कारागिरांना नागरिकत्व आणि व्यवसायश्रेणींतील प्रवेश विनामूल्य जाहीर केला; जुलै महिन्यात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने त्यांना वास्तव्याचे परवाने मोफत देण्याचा आणि व्यापारधंद्यास मोकळीक देण्याचा जाहीरनामा काढला. हेस-कासेलचा संस्थानिक कार्ल याने तर एप्रिल १६८५ मध्ये, म्हणजे फ्रान्समधील अंतिम घाला पडण्याच्या सहा महिने अगोदर, कर-माफीसह सवलतींची सनद छापून टाकली होती. आपत्ती कोठे कोसळणार हे ओळखून दारात दिवा लावून बसण्याची ही दूरदृष्टी दयेची होती की लाभाची, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते त्या काळच्या राजांच्या मनात या दोहोंची फारकत झालेलीच नव्हती. ती आपण आज करतो.

ऑक्टोबर १६८५ मध्ये फाँतेनब्लो येथे लुईने नांतचा हुकूमनामा रद्द केला. मंदिरे पाडावीत, शाळा बंद कराव्यात, जन्मणाऱ्या मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा द्यावा, धर्मोपदेशकांनी पंधरा दिवसांत देश सोडावा. आणि इतरांपैकी कोणी देश सोडून जाताना सापडला तर पुरुषास सरकारी गलबतांच्या वल्ह्यांवर जन्मभर बांधावे, स्त्रीस कैद करावी, आणि मालमत्ता जप्त व्हावी. या हुकुमाची मांडणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ज्यांच्या हाती केवळ वाणी होती त्या उपदेशकांना हाकलले, आणि ज्यांच्या हाती हुन्नर होता त्यांना कोंडले. माणसाचा धर्म नको, पण त्याचे हात मात्र हवेत, असा हा बंदोबस्त होता. तो टिकला नाही. सरहद्दीवरचे पहारेकरी पैशाने वश झाले, डोंगरवाटांचे वाटाडे आणि किनाऱ्यावरचे नाखवे यांचा एक नवाच धंदा उभा राहिला, आणि पुढील काही वर्षांत दीड ते दोन लाख माणसे, पिंपांत लपून, गवताच्या गाड्यांखाली दडून, रात्रीच्या अंधारात ओढे ओलांडून, देशाबाहेर निघून गेली. घर आणि शेत मागे राहिले. विणकराची बोटे आणि घड्याळजीची नजर मागे ठेवता येत नव्हती.

आता ब्रांडेनबुर्गकडे वळू. हे संस्थान म्हणजे रेताड जमीन, विरळ पाइनची राने, आणि तीस वर्षांच्या युद्धाने ओसाड पाडलेली शहरे. १६१८ ते १६४८ या काळात स्वीडिश, शाही आणि भाडोत्री फौजा तेथून इतक्या वेळा आल्या-गेल्या की सुमारे निम्मी लोकसंख्या नष्ट झाली होती. इलेक्टर, म्हणजे सम्राटाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार असलेला संस्थानिक, या पदावर फ्रेडरिक विल्यम होता. त्याचे तारुण्यातले काही दिवस हॉलंडमध्ये गेले होते, आणि नापीक दलदलीवर वसलेला देश केवळ उद्योगी माणसांच्या बळावर कसा श्रीमंत होतो हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले होते. त्याची दिवंगत पत्नी ऑरेंजच्या घराण्यातली, फ्रेंच प्रॉटेस्टंटांचा पुढारी कोलिन्यी याच्या वंशातली. स्वतः तो कॅल्व्हिनपंथी, परंतु प्रजा मात्र लूथरपंथी. तेव्हा आपल्या पंथाची माणसे आपल्या राज्यात वाढावीत हीही त्याची एक इच्छा असणे स्वाभाविक होते.

लुईचा हुकूम निघाल्यावर अवघ्या काही आठवड्यांत, जुन्या पंचांगाप्रमाणे २९ ऑक्टोबर व नव्याप्रमाणे ८ नोव्हेंबर रोजी, पॉट्सडॅमचा हुकूमनामा निघाला. त्यात चौदा कलमे होती, आणि ती वाचताना ज्याने ती लिहिली त्याने एका निराधार कुटुंबाचा प्रवास पावलापावलाने मनात केला होता असे वाटते. अॅमस्टरडॅमला पोहोचणाऱ्यांनी तेथील इलेक्टरच्या वकिलाकडे जावे. तो जहाज आणि शिधा देईल आणि हँबुर्गपर्यंत पोहोचवील. तेथून पुढे नदीमार्गाने नेण्याची तजवीज तेथला अंमलदार करील. दक्षिणेकडून येणाऱ्यांनी माइन नदीवरील फ्रांकफुर्टला जमावे. बरोबर आणलेल्या सामानावर जकात पडणार नाही. श्टेंडाल, राटेनो, माग्डेबुर्ग, हाले यांसारखी शहरे सोयीची म्हणून नावानिशी सांगितली होती. तथापि कोठे राहायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. बेवारस पडकी घरे मालकीने मिळतील, आणि दुरुस्तीसाठी लाकूड, चुना, विटा, दगड सरकारातून फुकट मिळतील. अशा घरास सहा वर्षे, आणि मोकळ्या जागेवर नवे घर बांधणाऱ्यास दहा वर्षे, सर्व कर माफ. शहरचे नागरिकत्व आणि कारागिरांच्या श्रेणींत प्रवेश, दोन्ही विनाशुल्क. जो कापडाचा, टोप्यांचा किंवा दुसरा कोणता कारखाना काढील त्यास विशेषाधिकार, भांडवल व हत्यारे. शेती करू इच्छिणाऱ्यास जमीन. आपसांतील तंटे निवडण्यास आपल्यातलाच न्यायाधीश, आणि प्रत्येक शहरात फ्रेंच भाषेत प्रवचन करणारा, सरकारी वेतन घेणारा उपदेशक.

या यादीत एक अपवाद होता, आणि त्यातच या कौलनाम्याचे सारे अर्थकारण साठविलेले आहे. सर्व कर माफ, परंतु खाण्यापिण्याच्या व वापराच्या जिनसांवरील शहरी पट्टी, जिला तेथे अक्सीझ म्हणत, ती मात्र सर्वांप्रमाणे द्यावी लागे. इलेक्टरच्या खजिन्यात रोकड फारशी नव्हती. त्याने जे दिले ते बहुतेक असे होते की जे त्याच्याजवळ नुसते पडून होते: ओस घरे, पडीक जमीन, रानातील लाकूड, आणि जे अद्याप कोणाकडूनच वसूल होत नव्हते अशा करांची माफी. नसलेल्या रहिवाशाचा कर माफ केल्याने सरकारचे काहीच बुडत नाही. पण तो रहिवासी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून भाकरी, बियर आणि मीठ विकत घेऊ लागतो आणि त्याबरोबर अक्सीझ सुरू होते. आपल्याकडील इस्ताव्याच्या मुळाशी हाच हिशेब होता. राज्याने भावी वसुलीच्या तारणावर माणसे उसनी घेतली, असे याचे वर्णन केले तर ते वावगे ठरणार नाही. खरा रोख खर्च प्रवासाचा, उपदेशकांच्या वेतनाचा आणि कारखान्यांना दिलेल्या भांडवलाचा. तो मात्र त्या गरीब संस्थानाने खरोखर सोसला.

हॉलंड आणि इंग्लंड यांना एवढे द्यावे लागले नाही, कारण तेथे बाजारच मोठा होता. ज्याला घरदार सोडावे लागले आहे तो प्रथम ओळखीच्या भाषेकडे, ओळखीच्या धंद्याकडे आणि भावाबंदांच्या पत्राकडे पाहतो. इंग्लंडला सुमारे पन्नास हजार गेले. लंडनच्या पूर्वेस स्पिटलफील्ड्समध्ये रेशमाचे माग खडखडू लागले, आणि १६८६ मध्ये पांढरा कागद करणारी एक सनदी कंपनी निघाली. तोवर चांगला पांढरा कागद इंग्लंड मुख्यतः फ्रान्सकडून घेत असे. डच कंपनीने तर दोनएकशे माणसे १६८८ च्या सुमारास थेट आफ्रिकेच्या टोकाला, केप वसाहतीत नेली, आणि द्राक्षमळ्यांची कला त्यांच्याबरोबर तेथे गेली. ब्रांडेनबुर्गला सुमारे वीस हजार आले. दूरचा, थंडीचा, गरीब मुलूख. तेथे माणूस यावा म्हणून कौल अधिक भरघोस असणे भागच होते.

आपली माणसे इतरत्र रुजत आहेत हे पाहून लुईच्या दरबारासही स्पर्धेत उतरावे लागले. १६८५ च्या अखेरीस बोनरपो नावाचा एक चतुर अधिकारी लंडनला आला. त्याचे खरे काम निर्वासित कारागिरांना गाठून, मायदेशी परतल्यास प्रवासखर्च, जप्त मालमत्ता आणि पूर्वीचे काम मिळेल असे पटविण्याचे होते. इप्स्विच येथे शिडाचे कापड विणणारे फ्रेंच विणकर होते. फ्रेंच आरमारास लागणारी ही विद्या इंग्रज आरमाराच्या हाती पडत आहे हे पाहून त्याने त्यांच्यावर विशेष लक्ष दिले. फ्रेंच वकील बारियों याने कागदवाल्यांना पैसे चारले. या साऱ्या खटपटीनंतर पाचशेच्या आसपास माणसे परत गेली. पन्नास हजारांत पाचशे! रोख बक्षीस, प्रवासखर्च, मायभूमी, मातृभाषा, सर्व काही पारड्यात घालूनही काटा हलला नाही. कारण परत गेलेल्याच्या दारात उद्या पुन्हा शिपाई उभा राहणार नाही, ही एकच गोष्ट तो वकील लिहून देऊ शकत नव्हता.

या स्थलांतरात आपल्या देशाच्या इतिहासाला ठाऊक असलेली एक व्यक्तीही सापडते. सुरत, गोवा, गोवळकोंडे येथे हिंडलेला, हिऱ्यांच्या खाणी पाहून आलेला, शहाजहान-औरंगजेबांच्या काळातील हिंदुस्थानचे वर्णन करणारा जवाहिऱ्या ताव्हेर्निये हा प्रॉटेस्टंट होता. त्याने नेलेला निळा हिरा लुईने विकत घेतला होता आणि त्याला सरदारकीही दिली होती. तोच ताव्हेर्निये ऐंशीच्या घरात असता, १६८४ मध्ये, बर्लिनला गेला. ब्रांडेनबुर्गची एक पूर्व-हिंदुस्थान कंपनी काढावी आणि ताव्हेर्नियेने मोगल दरबारी वकील म्हणून जावे असा इलेक्टरचा बेत होता. बेत तडीस गेला नाही, आणि १६८९ मध्ये मॉस्को येथे या वृद्ध प्रवाशाचा अंत झाला. फ्रान्सचा मार्शल शाँबेर हा प्रथम ब्रांडेनबुर्गच्या फौजेत, मग ऑरेंजच्या विल्यमकडे गेला आणि १६९० मध्ये बॉइनच्या लढाईत पडला. आणि द्नी पापँ हा शास्त्रज्ञ हेस-कासेलच्या कार्लच्या आश्रयास राहून मारबुर्गला शिकवीत असता, त्याच १६९० साली, वाफेच्या बळाने नळकांड्यात दट्ट्या हलविण्याची कल्पना त्याने प्रसिद्ध केली. लुईच्या घरातून काय काय निघून गेले याची ही तीन नावे केवळ वानगीदाखल.

इतके असूनही नव्या भूमीत सर्व काही गोड झाले असे लिहिणे असत्य होईल. ब्रांडेनबुर्गच्या स्थानिक श्रेणींना हे आगंतुक खुपत होते. आपण युद्ध भोगले, कर भरले, आणि यांना मात्र घर, चुना, माफी आणि वेगळा न्यायाधीश, हा त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. सरकारी भांडवलावर निघालेले कितीतरी कारखाने बुडाले, कारण जो उंची माल फ्रेंच कारागीर करीत तो विकत घेण्याची ऐपत त्या मुलखातील लोकांत नव्हती. आणि इलेक्टरचे औदार्यही सर्वांना सारखे लाभले नाही: १६७१ मध्ये व्हिएन्नाहून हाकललेल्या पन्नास यहुदी कुटुंबांना त्याने आश्रय दिला खरा, परंतु तो वीस वर्षांच्या मुदतीचा, संरक्षणाच्या वेगळ्या पट्टीसह आणि सार्वजनिक प्रार्थनामंदिर बांधण्याची मनाई करून. समान हक्क फ्रेंचांना, मुदतबंद अभय यहुद्यांना. कौलाच्या भाषेतील हा भेद इतिहासकाराने झाकून ठेवू नये.

मग लाभ कोठे झाला? तो कारखान्यांच्या जमाखर्चात शोधू गेल्यास सापडत नाही. तो उमेदवारांच्या हातांत सापडतो. एका फ्रेंच मोजेवाल्याचा कारखाना बुडाला तरी त्याच्या यंत्रावर हात बसलेली शेजारची जर्मन मुले राहिली. रंगाऱ्याचा मुलगा स्थानिक मुलीशी लग्न करून सासऱ्याच्या धंद्यात शिरला. तंबाखूची लागवड, बागकाम, फेल्टच्या टोप्या, तलम लोकरी कापड हळूहळू मुलखाचे झाले. १७०० च्या सुमारास बर्लिनमधील दर पाच माणसांत एक फ्रेंच होता. एरिक हॉर्नुंग या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८०२ सालच्या प्रशियन कारखान्यांची नोंदवही तपासून दाखविले आहे की, ज्या शहरांत १७०० मध्ये ह्यूगेनॉटांचे प्रमाण अधिक होते, त्या शहरांतील कापडकारखान्यांची उत्पादकता शंभर वर्षांनंतरही अधिक होती. देणाऱ्या इलेक्टरला हे पाहावयास मिळाले नाही. तो कौलनामा काढून तीनच वर्षांत वारला.

फ्रान्सची हानी किती झाली याविषयी वाद आहे. किल्ले बांधण्यात अद्वितीय असलेल्या व्होबाँने १६८९ मध्ये लुईच्या मंत्र्याला एक टिपण पाठवून ह्यूगेनॉटांना परत बोलावण्याची विनंती केली. ऐंशी हजार ते एक लाख माणसे, तीन कोटी लिव्र, शत्रूच्या आरमारात आठ-नऊ हजार खलाशी, शत्रूच्या फौजेत पाच-सहाशे अधिकारी आणि दहा-बारा हजार शिपाई, असा त्याने हिशेब मांडला होता. स्वतः कॅथलिक असलेल्या आणि राजाशी निष्ठेने वागलेल्या माणसाने हे लिहावे याला केवढे धैर्य लागले असेल! टिपण बाजूस पडले. उलट, विसाव्या शतकातील अमेरिकन इतिहासकार वॉरन स्कोव्हिल याचे मत असे की, लुईच्या अखेरच्या दशकांतील फ्रान्सच्या आर्थिक दुरवस्थेला युद्धे, कर आणि दुष्काळ अधिक कारणीभूत होते, निर्गमन तितके नाही. हे मत मला ग्राह्य वाटते. दोन कोटींच्या राष्ट्राला दोन लाख माणसे गेल्याने उपासमार येत नाही. पण त्यावरून लुई दोषमुक्त होत नाही. कारण त्याच्या राज्याचे जेवढे नुकसान झाले त्याच्या कितीतरी पट शेजाऱ्यांचे कल्याण झाले, आणि ते शेजारी बहुतेक त्याचे शत्रू होते. हुन्नर हा धान्यासारखा नसतो. तो एका कोठारातून दुसऱ्यात गेला की जेथे रुजतो तेथे शिकविणाऱ्यांची संख्या वाढते, आणि जेथून गेला तेथील शिकविणारा कमी होतो.

फ्रान्सला स्वतःचा कौल काढण्यास शंभरावर वर्षे लागली. १७८७ मध्ये सोळाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना नागरी अस्तित्व पुन्हा दिले, आणि क्रांतीनंतर १५ डिसेंबर १७९० च्या कायद्याने, धर्मापायी देश सोडून गेलेल्यांचे वंशज, कोणत्याही पिढीतले असोत, फ्रान्समध्ये येऊन राहिले तर ते जन्मतःच फ्रेंच मानले जातील असे ठरविले. ते कलम १९४५ पर्यंत अमलात होते.